परंपरागत ज्ञान आणि सागरी संपत्तीचे व्यवस्थापन : प्रभादेवी-वरळी किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

नैसर्गिक संपत्तीचे व्यवस्थापन हा विषय दीर्घकाळ केवळ शास्त्रज्ञ आणि प्रशासक यांच्या कक्षेतील मानला गेला. ज्या समाजांचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या त्या संपत्तीवर अवलंबून आहे, त्यांच्या ज्ञानाला त्यात फारसे स्थान नव्हते. उत्तर कॅनडातील कॅरिबू, म्हणजे तेथील रानटी रेनडिअर, यांच्या कळपांच्या व्यवस्थापनात या दृष्टीला धक्का बसला. त्या अनुभवाच्या प्रकाशात प्रभादेवी, वरळी व माहीम परिसरातील कोळी समाजाच्या ज्ञानाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कॅरिबूचा धडा

१९८० च्या सुमारास हवाई मोजणीवरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, हडसन उपसागराच्या पश्चिमेकडील कॅरिबूंचे कळप झपाट्याने घटत आहेत. इन्युइट व डेने शिकाऱ्यांना हे मान्य नव्हते. कळप नष्ट झालेले नाहीत, त्यांनी वाटा बदलल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. या वादातून १९८२ मध्ये तेथे संयुक्त व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले आणि त्यात कॅरिबूवर अवलंबून असलेल्या वस्त्यांच्या प्रतिनिधींना बहुमत देण्यात आले. पुढील मोजण्यांत संख्या पूर्वीच्या अंदाजाहून कितीतरी अधिक आढळली. मात्र बाथर्स्ट नावाच्या दुसऱ्या एका कळपाची संख्या १९८६ मधील सुमारे साडेचार लाखांहून अधिक असलेल्या पातळीवरून २०२१ मध्ये दहा हजारांच्याही खाली आली. म्हणजे मोजणीही आवश्यक आहे आणि पिढीजात निरीक्षणही. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

तिथी, भरती आणि जाळे

प्रभादेवीच्या किनाऱ्यावरून समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. या किनाऱ्याच्या एका बाजूस वरळीचा आणि दुसऱ्या बाजूस माहीमचा कोळीवाडा आहे. येथील ज्ञानाचा पाया चांद्र कालगणना हा आहे. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील प्रसिद्ध हिशेब आहे. अष्टमीस सहा वाजता, तर पौर्णिमा व अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती येते. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे त्यामागील कारण होय. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग यांवर मासेमारीचे वेळापत्रक ठरते. बोंबील व जवळा पकडणारे डोळ जाळे एका जागी बांधलेले असते व प्रवाहाच्या जोरावर भरते. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत त्यास विशेष महत्त्व येते.

नियमनाच्या कालगणनेशी विसंगती

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये यांत्रिक नौकांना पावसाळ्यात मासेमारीस बंदी असते. सध्या ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. परंपरेनुसार मात्र समुद्राची पूजा करून, नारळ अर्पण करून मासेमारीचा हंगाम नारळी पौर्णिमेस सुरू होतो. श्रावणी पौर्णिमा चांद्र गणनेमुळे दरवर्षी सरकते; २०२३ मध्ये अधिक मासामुळे ती ३० ऑगस्टला आली, तर २०२५ मध्ये ९ ऑगस्टला. बंदी उठणे आणि पौर्णिमा येणे यांत कधी आठवडा, कधी महिना जातो. या काळात मोठ्या यांत्रिक नौका समुद्रात उतरतात आणि परंपरा पाळणारा लहान मच्छीमार किनाऱ्यावरच थांबतो. संयम पाळणाऱ्यालाच तोटा व्हावा, अशी ही रचना आहे.

साठ मीटर आणि एकशेवीस मीटर

परंपरागत ज्ञानाची उपेक्षा किती महाग पडू शकते, हे वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ दिसून आले. सागरी किनारा मार्गाच्या आराखड्यात तेथे पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते. कागदावर नौकेच्या रुंदीच्या मानाने ते पुरेसे वाटते. परंतु खडकाळ तळ, आडवा वारा आणि लाटा यांमुळे नौका सरळ रेषेत जात नाही, ती बाजूस ढकलली जाते, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांच्या दीर्घ विरोधानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. हेच म्हणणे आराखड्याच्या टप्प्यावर विचारात घेतले असते, तर काम थांबणे, रचना बदलणे आणि परस्परांवरील अविश्वास वाढणे टळले असते.

परंपरेच्या मर्यादा

तथापि परंपरेचे उदात्तीकरण करणेही योग्य नाही. डोळ जाळ्याच्या शेवटच्या भागाची आसे बारीक असल्याने त्यात माशांची पिल्लेही अडकतात. समुद्रात कव मारण्याच्या हद्दीवरून वसई-उत्तन आणि पालघर-सातपाटी येथील मच्छीमारांत वाद झालेले आहेत. म्हणजे परंपरागत संकेतही सर्वत्र पुरेसे ठरत नाहीत. येथे विज्ञानाची गरज भासते. मासा प्रथम प्रजननक्षम होतो ती लांबी संशोधनाने निश्चित करता येते. याच आधारावर राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. परंतु अशा नियमाची अंमलबजावणी अखेर जाळे ओढणाऱ्या हातांवर अवलंबून असते. नियम करताना तो हात सहभागी नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, परंपरागत ज्ञानाला केवळ सांस्कृतिक वारसा म्हणून गौरविणे पुरेसे नाही. निर्णयप्रक्रियेत त्याला अधिकाराचे स्थान मिळाले पाहिजे. जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्यांची तरतूद आहे. मुंबईतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, भूगोल व मराठी विभागांनी एकत्र येऊन कोळीवाड्यांतील प्रवाह, खडक, वारे, मासे यांविषयीची शब्दसंपदा आणि निरीक्षणे कोळी बांधवांच्या संमतीने व सहभागाने नोंदविल्यास या तरतुदीस अर्थ प्राप्त होईल. हे काम तातडीचे आहे. ज्या कोळी कुटुंबांतील पुढची पिढी समुद्रावर जात नाही, तेथे हे ज्ञान लिहिले जाण्यापूर्वीच लोपण्याचा संभव आहे.