पुन्हा पुन्हा येणारे आजारपण

"एकदा येऊन गेला, आता जन्मात पुन्हा नाही," असे गोवराविषयी आपल्या घरोघर म्हटले जाते. कांजिण्यांविषयी आणि गालगुंडांविषयीही तेच. त्याच घरात त्याच मुलाला वर्षातून चार वेळा हगवण लागते, तेव्हा मात्र ती एकदा होऊन गेली असताना पुन्हा कशी आली, असे कोणी विचारीत नाही. तेव्हा दोष शोधला जातो, आणि तो बहुधा आईच्या पदरात पडतो. तिने भलतेसलते खाऊ घातले, तिचे लक्ष नव्हते, नाहीतर कोणाची तरी दृष्ट लागली! एक आजार एकदाच का येतो आणि दुसरा फिरून फिरून का येतो, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे खरा. परंतु दोष कोणाचा आणि काम कोणाचे हेही त्याच्या उत्तरावर ठरते, म्हणून तो आपणा सर्वांचा आहे. आम्ही डॉक्टर नाही. कामगार संघटनेत वावरताना हजेरीपटावरचे खाडे वाचण्याची सवय तेवढी आम्हांला लागली. बायकांच्या खाड्यांमागे किती वेळा मुलाचे दुखणे असते, हे दिसू लागल्यावर या विषयावरचे मिळेल ते वाचून समजून घेणे भाग पडले.

प्रथम जुन्या समजुतीत तथ्य किती, ते पाहू. उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम नावाच्या एका तरुण डॉक्टराला तेथे धाडले. बेटांवर सुमारे ७,८०० माणसे राहत होती. त्यांतील ६,००० हून अधिक आजारी पडली. या बेटांवर त्याआधीची साथ १७८१ साली येऊन गेली होती. मधल्या पासष्ट वर्षांत गोवराने तिकडे पाऊल टाकले नव्हते. पानुमने घरोघर चौकशी केली, तेव्हा त्याला असे आढळले की, १७८१ मध्ये ज्यांना लहानपणी गोवर आला होता आणि जे अजून हयात होते, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा आला नाही. म्हणजे आपल्या आजीबाईंचे म्हणणे गोवरापुरते खरे ठरले. शरीराला पासष्ट वर्षांपूर्वीची ओळख पक्की लक्षात राहिली होती.

ही ओळख राहते कशी? कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याची कल्पना करावी. चोर पहिल्यांदा आला, तेव्हा तो त्याला चुकवून आत शिरला. झटापट झाली, नुकसान झाले, अखेर चोर हाकलला गेला. पण पहारेकऱ्याने त्याचा चेहरा ध्यानात ठेवला. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतू अंगात शिरला की त्यांतल्या काही पेशी त्या जंतूला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात, आणि आजार ओसरल्यावरही काही पेशी ती आठवण सांभाळून राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर प्रतिपिंडे तत्काळ तयार होतात आणि आजार मूळ धरण्याआधीच मोडतो. लस म्हणजे दुसरे काही नाही. चोर येण्याआधीच त्याची तसबीर पहारेकऱ्याला दाखविणे होय.

गोवर एकदाच येतो, याचे कारण गोवराचा विषाणू आपला चेहरा फारसा बदलीत नाही. देवीच्या रोगाचेही असेच होते, म्हणून लशीच्या बळावर त्याचे उच्चाटन करता आले. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

मग "आमच्या मुलाला गोवर दोनदा आला" असे सांगणारे आईबाप खोटे बोलतात काय? मुळीच नाही. बहुतेक वेळा घोटाळा नावाचा असतो. अंगावर लाल पुरळ आणि ताप दिसला की आपण त्याला गोवर म्हणून मोकळे होतो. परंतु रुबेला हा निराळा विषाणू आहे, आणि त्याचे पुरळ बरेचसे तसेच दिसते. लहान मुलांचे हात, पाय आणि तोंड यांवर फोड आणणारा एक आजार आहे. तो कांजिण्यांसारखा वाटतो, पण त्याचे विषाणू वेगळे, आणि तेही एकाहून अधिक. तेव्हा दोनदा आलेला पाहुणा पुष्कळदा एकाच नावाने ओळखले गेलेले दोन पाहुणे असतात. रक्त तपासल्याखेरीज याची खात्री होत नाही.

कांजिण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या सहसा एकदाच येतात. क्वचित एखाद्याला, विशेषतः फार लहान वयात सौम्य येऊन गेल्या असल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावली असली, तर पुन्हा येऊ शकतात. लस घेतलेल्या मुलालाही कधी दहावीस फोडांवर निभावणाऱ्या कांजिण्या होतात. मात्र हा विषाणू एकदा आला की शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निजून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात जागा होऊन अंगाच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठवितो. त्यालाच आपण नागीण म्हणतो. आजोबांची नागीण ही त्यांच्या लहानपणच्या कांजिण्यांची दुसरी फेरी होय. ती बाहेरून लागलेली नसते. त्या फोडांतील पाण्याचा संपर्क आला, तर कांजिण्या न झालेल्या नातवाला मात्र त्यापासून कांजिण्या होऊ शकतात.

गोवराविषयी अलीकडे उमगलेली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गोवर स्वतः पुन्हा येत नाही. परंतु इतर आजारांच्या आठवणी तो पुसून टाकतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवराने नाहीशी केल्याचे त्यांत दिसले. म्हणजे पहारेकऱ्याजवळची जुनी वही अर्धीमुर्धी फाटली. गोवरानंतर मूल महिनोन्‌महिने न्यूमोनियाने आणि हगवणीने का हैराण होते, हे यावरून उलगडते. मुंबईच्या गोवंडी भागात २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली आणि बालके दगावली. दाट वस्ती, अपुरे पोषण आणि चुकलेली लस या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. "गोवर काय, सर्वांनाच येतो" असे म्हणून लस टाळणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा, अशी मोफत मिळते. दुसरा डोस पुष्कळांचा राहून जातो. तो राहू देऊ नये.

आता हगवणीकडे वळू. ती फिरून फिरून का येते? एक कारण असे की, हगवण हे एका रोगाचे नाव नाही. तिच्यामागे अनेक विषाणू, जीवाणू आणि सूक्ष्म परजीवी असतात. एकाची ओळख दुसऱ्यावर चालत नाही. सर्दीचेही तसेच, तिचे विषाणू शंभराहून अधिक प्रकारचे आहेत. दुसरे कारण असे की, आतड्याच्या आतल्या अस्तरावरची प्रतिकारशक्ती रक्तातल्या शक्तीइतकी टिकाऊ नसते. त्यामुळे तोच जंतूदेखील पुन्हा बाधू शकतो.

याचे उत्तम उदाहरण रोटाव्हायरसचे आहे. तान्ह्या मुलांच्या जोरदार हगवणीचे हे एक मोठे कारण. मेक्सिको शहरातील २०० बालकांवर जन्मापासून दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९९६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना दोनदा लागण होऊन गेली, त्यांच्यापैकी एकालाही पुढे मध्यम किंवा तीव्र हगवण झाली नाही. तशीच पाहणी आपल्या देशात वेल्लोर येथे झाली. तेथील ३७३ बालकांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले आणि २०११ साली निष्कर्ष बाहेर आला. वेल्लोरच्या बालकांना पहिली लागण अधिक कोवळ्या वयात झाली, पुनःपुन्हा लागण होण्याचे प्रमाण मोठे होते, आणि तीन लागणी सोसल्यावरही मध्यम-तीव्र आजारापासून मिळालेले संरक्षण ७९ टक्केच होते. सोसण्याची शाळा दोन्हीकडे होती, पण आपल्या मुलांना तिच्यात अधिक वर्षे घालवावी लागली आणि तरीही ती पुरती उत्तीर्ण झाली नाहीत. या विषाणूवरची लस आपल्या देशातच तयार झाली. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात अर्भकांत शोधलेल्या विषाणूपासून ती बनली, आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती द्यावीच. परंतु हगवणीच्या बाकीच्या जंतूंवर ती चालत नाही. त्यांच्याशी सामना पाण्यापाशी, शौचालयापाशी आणि हातांपाशी करावा लागतो.

पाण्याचा विषय निघाला म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याकडे पाहणे उपयोगाचे ठरते. पूर्व आफ्रिकेतील घरांच्या पाणीवापरावर व्हाइट, ब्रॅडली आणि व्हाइट यांनी लिहिलेला ग्रंथ १९७२ साली निघाला. घाण पाणी पोटात गेल्याने होणारे आजार आणि धुण्यापुरतेही पाणी नसल्याने होणारे आजार, असा फरक ब्रॅडली यांनी त्यात स्पष्ट केला. हगवण दोन्हींत मोडते. खरूज दुसऱ्या वर्गात. दुष्काळी गावात दिवसाला चार हंडे मिळत असतील तर बाई ते कसे वापरील? आधी पिण्याला, मग रांधायला, मग दावणीच्या जनावराला. बाळाचे ढुंगण धुतल्यावर स्वतःचे हात साबणाने धुण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तोवर हंडा रिकामा झालेला असतो. तिला स्वच्छता कळत नाही असे नाही. हंड्यात पाणी नाही.

राळेगणसिद्धी हे अशा अवर्षणी पट्ट्यातले गाव. किसन बाबुराव तथा अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ साली गावी परतले. त्यानंतर गावाने पाझर तलाव दुरुस्त केला, नाल्यांवर बांध घातले, समतल चर खणले, झाडे लावली आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना आळा घातला. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री पुढे महाराष्ट्रभर माहीत झाली. सामूहिक शौचालये बांधून ती बायोगॅसला जोडण्याचा प्रयोगही तेथे झाला. या कामाचा हिशेब बहुधा विहिरींच्या पातळीत आणि कांद्याच्या पिकात मांडला जातो. आम्ही तो मुलांच्या पोटाच्या बाजूनेही वाचतो. घराजवळ बारमाही पाणी आले म्हणजे हात धुवायला पाणी उरते. मैला जमिनीवर न सांडता बंदिस्त राहिला म्हणजे तो पावसाबरोबर विहिरीत उतरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पाणी आले म्हणजे हगवण गेली, असे नव्हे. भरलेली विहीरही दूषित असू शकते. तिच्यात नियमाने ब्लीचिंग पावडर पडली पाहिजे, नळाची गळती बुजविली पाहिजे, शौचालय बांधून त्यात सरपण न भरता ते वापरले पाहिजे. खराटा हाती घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडगेबाबांनी हेच शिकविले. किर्तन रात्री, आधी दिवसा झाडलोट.

राळेगणचा खरा धडा मात्र आणखी पुढचा आहे. एकट्या शेतकऱ्याला आपल्या बांधावर पाणी अडविता येते, सबंध पाणलोट अडविता येत नाही. त्याला गाव एकत्र बसावे लागते. तसेच एकट्या आईला आपल्या मुलाचे हात धुता येतात, चाळीमागचे गटार वळविता येत नाही. राळेगणपासून जवळच सुपे येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींभोवती सर्वत्र भाड्याच्या खोल्या उभ्या राहतात. दहा खोल्यांना एक नळ आणि दोन संडास असले, तर तेथल्या मुलाचे दुखणे त्या दहाही घरांत फिरत राहणार. ते कोणा एका आईच्या हलगर्जीपणाचे फळ नसते.

या प्रत्येक फेरीची किंमत रोजाने मोजावी लागते. राज्य कामगार विम्यात विमेदाराच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो; पण आजारपणाचा रोख लाभ कामगार स्वतः आजारी असेल तरच. मूल आजारी म्हणून घरी राहिलेल्या आईला तो मिळत नाही. शेतमजूर बाईला तर कसलाच नाही. मूल अशक्त होते, अशक्त मुलाला पुढची हगवण लवकर गाठते, आईचा आणखी एक रोज बुडतो, आणि बुडालेल्या रोजामुळे मुलाच्या ताटातले कमी होते. हे रहाट कोठेतरी थांबवावयाचे असते.

घरी करावयाचे आहे ते अवघड नाही. हगवण लागताच क्षार-संजीवनी पाजावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, दोन्ही चहाचे चमचे, विरघळवून थोडे थोडे द्यावे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी अशाच द्रावणावर पटकीचे रुग्ण वाचविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारांच्या आत आले. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

उरलेले काम घरच्या उंबऱ्याबाहेरचे आहे. ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या वॉर्डात पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा. घरमालकाकडून संडास आणि नळ मागावेत. पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे असा कायदा आहे. ते पाळणाघर कोठे आहे आणि तेथे हात धुवायला पाणी आहे काय, हे युनियनने विचारावे. आणि मूल आजारी असताना आईला किंवा बापाला भरपगारी रजा, ही मागणी आमच्या चळवळीने आपल्या मागणीपत्रात बोनसच्या खाली न ढकलता वर आणावी. मुलाचे आजारपण पुन्हा आले, तर शेजारणीने आईला "काय खाऊ घातलेस?" असे विचारण्याआधी नळाला पाणी किती वेळ येते, हे विचारलेले बरे.