पांजरपोळातील सेवकांचे मनःस्वास्थ्य

जीवदया हा आपल्या समाजाचा कुलाचार आहे. बेवारशी कुत्र्यांच्या कत्तलीवरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली आणि त्यानंतर १८३४ साली शेठ मोतीशा व सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ संस्था स्थापन झाली. अशा संस्थांच्या चारापाण्यासाठी व्यापारी वर्गाने कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु तो चारा प्रत्यक्ष घालणाऱ्या सेवकाच्या मनाचा विचार आपल्या जमाखर्चात क्वचितच आढळतो.

इतरांचे दुःख नित्य पाहून सेवा करणाऱ्याचे मन शिणते. या अवस्थेस मानसशास्त्रात ‘करुणेचा थकवा’ म्हणतात. झोप उडणे, चिडचीड होणे, घरी अबोल राहणे, ज्या जनावराला काल मायेने कुरवाळले त्याच्याकडे आज कोरड्या नजरेने पाहणे, ही त्याची लक्षणे होत. कारभारी त्यास आळस समजतात व बोल लावतात. त्यामुळे दुखणे अधिकच वाढते.

पाश्चात्त्य देशांतील कित्येक आश्रयस्थानांत जागेअभावी प्राण्यांना मारावे लागते व त्याचा सल सेवकांच्या मनात राहतो. आपल्याकडे असाध्य पशूसही नैसर्गिक अंतापर्यंत सांभाळतात. साहजिकच सेवकाला एकेका जीवाची जखम आठवडेच्या आठवडे धुवावी लागते आणि अखेर त्याचे मरणही पाहावे लागते. २०२२ साली लंपी रोगाने गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात असंख्य गुरे दगावली, तेव्हा ती पुरण्याचे काम अशाच हातांनी केले. संक्रांतीस मांज्याने पंख कापलेले पक्षी वडोदरा-अहमदाबादेस दरसाल येतात, तेही याच हातांत.

हे सेवक बहुधा अन्य समाजांतील, अल्प वेतनाचे असतात. पुण्याची इच्छा आपली आणि कष्ट त्यांचे, हे आपण विसरू नये.

यावरील उपाय फार खर्चाचे नाहीत. आसन्नमरण जनावरांच्या गोठ्यातील काम एकाच माणसाकडे सतत न ठेवता पाळीपाळीने द्यावे. मधून वासरांकडे नेमावे. आठवड्याची सुटी चुकवू नये. जनावराच्या कानी नवकार म्हटला जातो, त्या वेळी सेवकासही घटकाभर स्वस्थ बसू द्यावे. विश्वस्तांपैकी एकाने दरमहा त्यांचे म्हणणे ऐकावे. मन फारच खचल्यास वैद्याचा सल्ला मिळवून द्यावा. सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आपल्या शास्त्राने मैत्री, प्रमोद व कारुण्य यांच्या जोडीस माध्यस्थ्य ही चौथी भावना सांगितली आहे. करुणेला समत्वाचा आधार हवा, हे सेवकासही कोणी प्रेमाने समजावले पाहिजे.

येत्या पर्युषणात जीवदयेची टीप लिहिताना प्रत्येक सभासदाने चाऱ्याच्या रकमेखाली सेवकांच्या हितासाठीही एक रक्कम अवश्य मांडावी, ही नम्र विनंती.