पाणी तापविणे, घरगुती (अहिल्यानगर जिल्हा)

पाणी तापविणे, घरगुती : हिवाळ्यात स्नानासाठी व इतर घरगुती कामांसाठी पाणी गरम करण्याची साधने, त्यांना जोडलेले नळ आणि त्यांची निगा. शीत कटिबंधातील देशांत हिवाळ्यापूर्वी सबंध घर तापविणारी यंत्रणा तपासावी लागते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते व नळ फुटतात; म्हणून उघड्यावरील नळ रिकामे करतात किंवा त्यांवर उष्णतारोधक आवरण घालतात. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात घर तापवीत नाहीत, पाणी तापवितात. त्यामुळे तेथील हिवाळ्याच्या अडचणी निराळ्या आहेत. साधनांत साचणारे क्षारांचे कीटण ही एक, आणि बंद खोलीत कोंडणारा विषारी वायू ही दुसरी व अधिक गंभीर.

जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाळा संपल्यावर हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने जमिनीची उष्णता रात्री वेगाने निघून जाते. डिसेंबरमधील सरासरी किमान तापमान सु. ११° ते १२° से. असते, उत्तरेकडून थंडीची लाट आल्यास ते ५°–६° से. पर्यंत उतरते. दुपारी मात्र चांगले ऊन पडते. जाड मातीच्या भिंतींची व धाब्याची जुनी घरे दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवतात; पत्र्याच्या घरांतून ती सूर्यास्तानंतर लवकरच नाहीशी होते. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या (१,६४६ मी.) परिसरात क्वचित दहिवर गोठते, परंतु नळ फुटावा इतका वेळ ती थंडी टिकत नाही.

बंब : पाणी तापविण्याचे हे जुने साधन सर्व महाराष्ट्रात परिचित आहे. बंब हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ (पंप) या शब्दावरून आला असे मानतात. आग विझविण्याच्या वाहनासही तोच शब्द लागू झाला, हे गमतीचे आहे. बंब म्हणजे तांब्याचे उभे नळकांडे. त्याच्या मध्यातून धुराची नळी जाते व तिच्याभोवती पाणी राहते. नळीच्या तळाशी जाळी असून तिच्यावर गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या पेटवितात. ज्वाला चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असल्याने उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते. २० लि. पाण्याचे तापमान २५° से. ने वाढविण्यास सु. ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. बंबात पाणी भरल्याखेरीज जाळ करू नये. रिकामा बंब तापल्यास सांध्यांना लावलेला डाख वितळून तो गळू लागतो.

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापूर्वी बंब चिंच व राख यांनी घासून लख्ख करण्याची रीत आहे. चिंचेतील टार्टारिक अम्लामुळे तांब्यावरील ऑक्साइडाचा थर निघतो. परंतु ही सफाई बाहेरून होते आणि खरा दोष आत असतो. विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे असतात. पाणी तापले की त्यांचे विघटन होऊन मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचा कठीण पांढरा थर धुराच्या नळीवर बसतो. तांब्याच्या तुलनेत हा थर उष्णतेचा अत्यंत मंद वाहक आहे. साहजिकच सरपण अधिक जळते आणि पाणी उशिरा तापते. हा थर छिन्नीने ठोकून काढल्यास नळीस पोचे येतात व सांधे सुटतात. लिंबाच्या सत्त्वाचे कोमट पाणी काही तास भरून ठेवून मग बंब दोनतीन वेळा धुणे अधिक श्रेयस्कर होय.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर प्रवरेच्या कालव्यांखालील काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. अशा भागातील विहिरींच्या खाऱ्या पाण्याने लोखंडी नळ लवकर गंजतात. त्यांचे सांधे थंडीपूर्वी तपासणे इष्ट असते. विजेच्या बंदिस्त तापकात कीटणाचा धोका अधिक आहे. बंब वरून खुला असल्याने त्यात दाब साठत नाही. बंदिस्त तापकाची सुरक्षा झडप क्षारांनी बुजल्यास मात्र टाकी फुटू शकते.

विषारी वायू : अपुऱ्या हवेत इंधन जळल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग वा वास नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पटींनी सहज जखडला जातो. थंडीमुळे दारे-खिडक्या लावून घेण्याची प्रवृत्ती आणि तिथेच विस्तव, हा संयोग घातक ठरतो. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून फटी बुजविणे, निखाऱ्यांची शेगडी उशाशी घेऊन झोपणे आणि लहान न्हाणीघरात गॅसवरील तापक बसविणे ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही लक्षणे थकव्याची वाटतात, म्हणून माणूस उठून बाहेर जात नाही. गॅसचा तापक न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत आणावा. नुसती खिडकी किलकिली ठेवणे पुरेसे नाही. बाधित व्यक्तीस प्रथम उघड्या हवेत आणून तातडीने रुग्णालयात ऑक्सिजन देणे आवश्यक असते.

सौर तापक : निरभ्र हिवाळ्यामुळे हे साधन जिल्ह्यास अनुकूल आहे. थंडीपूर्वी काचेवरील धूळ पुसणे व नळ्यांतील क्षार काढणे एवढी निगा त्यास पुरते. गच्चीवरून येणाऱ्या नळास आवरण घालण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. अर्ध्या इंची नळाच्या १० मी. लांबीत सु. २ लि. पाणी मावते. रात्रभरात ते थंड होते व सकाळी सोडून द्यावे लागते. आवरणामुळे दोन स्नानांमधील काळात नळातील पाणी निवत नाही व ही नासाडी पुन्हा होत नाही. रात्रीचे थंड पाणी मात्र बादलीत धरून वापरावे. टंचाईच्या तालुक्यांत हे पाणी थोडे म्हणता येत नाही.

साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगार हिवाळाभर कोप्यांत राहतात. तेथे नळ वा बंब नसतो. तीन दगडांच्या चुलीवर पहाटेपूर्वीच पाणी ठेवले जाते. सरपणास वापरलेले पाचट चटकन भडकते व कोपीही पाचटाचीच असल्यास ठिणगीने पेटते. म्हणून चूल वाऱ्याची दिशा पाहून कोपीपासून दूर मांडतात आणि निखारे विझवूनच तोडीला निघतात.