मालिश कुणाची बरी: मशीनची की माणसाच्या हाताची?

कंबर धरली, मान आखडली की आपल्या घरात कुणीतरी म्हणतंच, "जरा मालिश करून घ्या." आता मालिशलाही मशीन आलं आहे. नागपूरच्या मॉलमध्ये मसाज खुर्ची दिसते, परदेशात तर रोबोट मालिश करतात. मग अम्मी-अब्बूंसाठी काय बरं?

मशीन काम कसं करतं?
खुर्चीच्या पाठीत रोलर फिरतात आणि हात-पायांपाशी हवेच्या पिशव्या फुगतात. रोबोट याच्या पुढे गेला आहे. सिंगापूरच्या एका दवाखान्यात २०१७ मध्ये 'एम्मा' नावाच्या रोबोटने रुग्णांची मालिश सुरू केली. असे रोबोट सेन्सरने शरीराचा अंदाज घेतात आणि मोजून दाब देतात. मशीन थकत नाही, घाईही करत नाही.

पर्द्याचा प्रश्न
अनोळखी हाताने मालिश करून घ्यायला बऱ्याच बहिणींना संकोच वाटतो. खुर्चीत कपड्यांसकट बसता येतं, हा फायदा खराच. पण तेवढ्यासाठी मशीनच हवं असं नाही. महिला फिजिओथेरपिस्टही असतात, काही जणी घरीही येतात.

हाताला काय कळतं?
जाणकार हात आधी विचारतो: शुगर आहे का, कुठे पडलात का, दुखणं कधीपासून? बोटांना सूज कळते, आणि चेहरा आक्रसला की हात थांबतो. युनानीत मालिशला 'दल्क' म्हणतात. इब्ने सिना (९८०-१०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये लिहिलं आहे की कडक मालिशीने अंग घट्ट होतं, हलक्या मालिशीने सैल पडतं. म्हणजे एकच दाब सगळ्यांना चालत नाही, हे हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

इथे सांभाळा
• शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर गरम मसाज नको. भाजलं तरी कळत नाही.
• एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि गरमपणा असेल तर मालिश अजिबात करू नका. आत रक्ताची गाठ असू शकते.
• हाडं ठिसूळ असतील, पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मालिशीत वेळ घालवू नका. लगेच मेडिकल किंवा मेयो गाठा.

मग घ्यायचं काय?
दिवसभर दुकानात उभं राहून अंग आंबलं असेल तर खुर्ची चालेल. पण दुखणं आठवडे-महिने हटत नसेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. मेडिकलमध्ये तो विभाग आहे. चांगली खुर्ची लाखाच्या घरात जाते आणि तिचा आराम काही तासांचा. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम घरी रोज फुकटात करता येतो, आणि त्याचाच गुण टिकतो.