कैद्यांच्या टाकीखालचा दगड

सिडनीत हार्बर ब्रिजच्या दक्षिण टोकाजवळ, लोअर फोर्ट स्ट्रीट आणि विंडमिल स्ट्रीट जिथे तिरके मिळतात, त्या कोपऱ्यावर ‘हीरो ऑफ वॉटर्लू’ हा जुना पब आहे. जॉर्ज पेटन नावाच्या पाथरवटाने तो १८४३च्या सुमारास बांधला. जवळच्या गॅरिसन चर्चच्या बांधकामावरही हाच पेटन होता. १८४५मध्ये पबला दारूविक्रीचा परवाना मिळाला. गिऱ्हाईक म्हणजे छावणीतले शिपाई आणि धक्क्यावर उतरलेले खलाशी. नाव अर्थात १८१५च्या वॉटर्लूच्या लढाईवरून.

जागा निमुळती, म्हणून इमारतही पाचरीसारखी. जॉर्जियन धाटणीच्या साध्या, सरळ भिंती, छोट्या तावदानांच्या खिडक्या, आत शेकोट्या. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. सगळी शोभा दगडाची. सिडनीचा हा वालुकाश्म खाणीतून निघतो तेव्हा फिकट करडा असतो. हवा लागली की त्यातलं लोह गंजतं आणि चिऱ्याला मधाळ पिवळा रंग चढतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा तो पुष्कळ मऊ, त्यामुळे हातानेही चांगला घडवता येतो. हे हात बहुतेक इंग्लंड-आयर्लंडमधून शिक्षा भोगायला पाठवलेल्या कैद्यांचे होते. जवळच आर्गाइल कट ही रस्त्यासाठी डोंगर फोडून काढलेली खिंड आहे. तिचं काम १८४३मध्ये कैद्यांनी हातोडा-छिन्नीने सुरू केलं. पुढे सुरुंग लावून ते पुरं व्हायला १८५९ उजाडलं. पबचा दगड तिथलाच, असं सांगतात.

तळघरात उतरलं की चिऱ्यांवर टाकीचे घाव स्पष्ट दिसतात. लोक मात्र विचारतात भुयाराबद्दल! झिंगलेल्या तरुणांना चोरदारातून खाली पाडायचं आणि बंदराकडे जाणाऱ्या भुयारातून जहाजांच्या कप्तानांना विकायचं, ही आख्यायिका सिडनीत सर्वतोमुखी आहे. मला ते घाव जास्त मोलाचे वाटतात. दंतकथेला पुरावा शोधावा लागतो. इथे माणसाची मेहनत हाताला लागते.

१८९६मध्ये मुंबईत थैमान घालणारी प्लेगची जागतिक साथ १९००मध्ये सिडनीलाही पोचली आणि १०३ माणसं दगावली. सरकारने या पबच्या आसपासची, बंदरालगतची वस्ती ताब्यात घेऊन पुष्कळ घरं पाडली. पुढे पुलाच्या कामात आणखी गेली. १९७०च्या दशकात शेजारच्या ‘रॉक्स’ भागात टॉवर उभारायचं घाटत होतं, तेव्हा जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखाली बांधकाम मजुरांच्या संघटनेने पाडकामाला हात लावायलाच नकार दिला. कैद्यांनी घडवलेलं शहर मजुरांनी राखलं, ही या दगडांची मला सर्वांत भावलेली गोष्ट.

सिडनीला मुलांकडे जाणाऱ्यांनी ऑपेरा हाउस पाहून झाल्यावर इकडे जरूर वळावं. अंतर पायी जाण्याजोगं आहे. मात्र आर्गाइल कटमधूनच जा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती नीट पाहा.