लष्कर गेलं, गोळे राहिले (रानवाटा : लेखांक ९)

मागच्या भागात ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांबद्दल बोललो. आज त्याच रानातला दुसरा धोका.

सिडनीच्या दक्षिणेला, नाउरा आणि ब्रेडवुडच्या मधल्या डोंगराळ मुलखात मॉर्टन नॅशनल पार्क आहे. वालुकाश्माचे उभे कडे, खोल घळी. पाठीवर सॅक टाकून चार-चार दिवस भटकणाऱ्यांची आवडती जागा. याच पार्कातल्या टियांजारा भागात विसाव्या शतकात लष्कराची फायरिंग रेंज होती. तोफा गेल्या, न फुटलेले गोळे राहिले. ससाफ्रासच्या बाजूने रानात शिरताना पाट्या बजावतात : वाट सोडू नका.

‘इतक्या वर्षांत गंजून गेला असेल’ हा समज सर्वांत घातक. गंजतं ते लोखंड. आतला टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, कित्येक दशकं टिकतो. फ्यूजचं तर आणखीच अवघड. गोळा तोफेतून सुटताना बसणारा हिसका आणि त्याची गिरकी यांमुळे फ्यूजमधले सुरक्षेचे अडसर सुटतात. मग आपटला की फुटायचा. जमीन भुसभुशीत निघाली, गोळा तिरका पडला किंवा फ्यूजच सदोष असला, तर तो फुटत नाही. अडसर मात्र सुटलेलेच राहतात. म्हणून कोठारातल्या गोळ्यापेक्षा झाडलेला आणि न फुटलेला गोळा जास्त बेभरवशाचा. धुराच्या काही गोळ्यांत पांढरा फॉस्फरस असतो. कवचाला भोक पडून हवा लागली की तो आपोआप पेटतो.

दिसायला हे सगळं अगदीच मामुली. मातीच्या रंगाचं गंजकं नळकांडं, नाहीतर पालापाचोळ्यातून डोकावणारी उखळी बॉम्बची पात्यांची शेपटी. घरच्या शोकेससाठी उचलावीशी वाटेल अशी. आपल्याकडे अहिल्यानगरच्या के. के. रेंजलगत भंगारासाठी गोळे उचलताना माणसं दगावली आहेत. तिथे पोटाचा प्रश्न असतो. ट्रेकरला ती सबब नाही.

गंमत अशी, की इथे शिस्तीचा ट्रेकरच जास्त अडचणीत येतो. शौचासाठी तो खुरप्याने १५ सेंटिमीटर खड्डा खणतो, तंबूच्या खुंट्या दगडाने ठोकतो. एरवी वाखाणण्याजोग्या या सवयी अशा जमिनीत नकोतच. शेकोटी तर त्याहून वाईट : खाली काय पुरलंय ते ठाऊक नसताना त्यावर तासभर निखारे! मुक्काम रेंजच्या जुन्या हद्दीबाहेरच टाकावा.

आधीच्या लोकांनी इथून बिनधास्त ये-जा केली, हाही दिलासा मानू नये. पावसाने माती वाहते, झाडं उन्मळतात, काल खोल असलेलं आज वर येतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेटलेल्या करोवन वणव्याने या टापूतलं जवळपास ५ लाख हेक्टर क्षेत्र होरपळलं. अशा वणव्यात झुडपांचं आवरण जातं, आणि आगीच्या धगीने गोळा फुटण्याचीही भीती असते.

मग साफ का करत नाहीत? घळी आणि दाट झाडोऱ्यात डिटेक्टर घेऊन प्रत्येक फूट तपासायला अफाट पैसा आणि वेळ लागतो. तरीही शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याने संशयित जागांचे नकाशे लोकांसाठी खुले ठेवले आहेत. बेत आखतानाच ते पाहावेत.

आणि दिसलंच काही, तर हात लावायचा नाही, दगड मारून बघायचं नाही. जागा नीट लक्षात ठेवून आल्या पावली मागे फिरायचं. फोनही लांब गेल्यावरच काढायचा, आणि तो आधी पोलिसांना. लष्कराचं पथक तेच बोलावतात.