फवारणीनंतर पोटात कळा: आतड्याच्या स्नायूंना नेमकं काय होतं?

श्रावण-भाद्रपदात जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत एक तक्रार नेहमीची असते. दिवसभर कपाशीवर फवारणी केली, संध्याकाळी पोटात पिळवटून कळा आल्या, उलटी झाली, पातळ जुलाब झाले. घरचे म्हणतात, कालची शेवभाजी बाधली, नाहीतर ऊन लागलं. मग मेडिकलवरून पोटदुखीची आणि जुलाब थांबवायची गोळी आणली जाते. एरवी पोट साध्या कारणानेही दुखतं. पण फवारणीनंतर दुखलं, तर आधी विषबाधेचा विचार करायला हवा.

आतड्याचे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप आणि ॲसिटिलकोलीन ही त्याची किल्ली असं समजा. आतड्यावरच्या या कुलपांना मस्कॅरिनिक रिसेप्टर म्हणतात. किल्ली लागली की पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच कोलिनएस्टरेज हे एन्झाइम ॲसिटिलकोलीनचे तुकडे करतं आणि स्नायू सैल पडतो. आकुंचन आणि सैल होणं अशा आलटून-पालटून चालणाऱ्या क्रियेमुळे अन्न पुढे सरकतं.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम निकामी करतात. ती तोंडावाटेच जातात असं नाही. गळक्या पंपामुळे भिजलेल्या पाठीतून, ओल्या कपड्यांतून आणि श्वासावाटेही शरीरात शिरतात. मग किल्ली कुलपातून निघतच नाही. आतडं आवळत राहतं, म्हणून कळा आणि जुलाब. हेच रिसेप्टर लाळेच्या व घामाच्या ग्रंथींवर, डोळ्याच्या बाहुलीत, मूत्राशयात आणि श्वासनलिकांतही असतात. त्यामुळे तोंडातून लाळ गळते, घामाने अंग भिजतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, कपड्यातच लघवी होते, छातीत घरघर सुरू होते. शेवभाजीने बाहुल्या बारीक होत नाहीत. त्यामुळे शंका आली तर रुग्णाच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघा. मात्र सुरुवातीला बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून घरी थांबू नका.

जीव जातो तो बहुधा श्वासामुळे, पोटामुळे नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय राज्यभर चर्चेत आला.

पोटदुखीची गोळी का नको?

डायसायक्लोमिन किंवा हायोसिनच्या गोळ्या याच मस्कॅरिनिक रिसेप्टरना अडवतात. कळ थोडी कमी होते, पण विष तसंच राहतं आणि छातीत पाणी भरणं थांबवायला एवढा डोस पुरत नाही. बरं वाटलं म्हणून माणूस झोपतो आणि मोलाचे तास जातात. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी आतड्यावरच्या दुसऱ्या, अफूसारख्या पदार्थांना ओळखणाऱ्या रिसेप्टरवर काम करते. तीही नको. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. घशात बोटं घालून उलटी काढू नका, कारण अनेक कीटकनाशकं तेलकट द्रावणात असतात आणि ती फुप्फुसात गेली तर त्रास दुप्पट होतो.

रुग्णाला शेतातून बाहेर काढा, सगळे कपडे उतरवा आणि डोक्यापासून पायापर्यंत साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. धुण्यापायी निघायला उशीर करू नका. 108 ला आधीच फोन लावा. बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत न्या, कारण सगळी कीटकनाशकं एका गटातली नसतात आणि उपचारही एक नसतो. आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात. 'औषध घेतलं होतं' एवढंच सांगितलं की डॉक्टरांचा घोळ होतो. 'फवारणीचं औषध' असं स्पष्ट सांगा.

रुग्णालयात काय दिसेल?

मुख्य इंजेक्शन असतं ॲट्रोपिनचं. ते मस्कॅरिनिक कुलपात जाऊन बसतं, पण ते फिरवत नाही. फक्त ॲसिटिलकोलीनला जागा मिळू देत नाही. छाती स्वच्छ होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा, वाढवत दिला जातो. त्या काळात डॉक्टर छातीबरोबर पोटावरही स्टेथोस्कोप लावतात. पोटात काहीच आवाज नाही, पोट फुगलंय, अंग तापलंय आणि रुग्ण चादर चिमटतोय, हवेत हात मारतोय, असं दिसलं तर ॲट्रोपिन जास्त झालं आहे. आतडं आता पूर्ण थांबलं आहे. नातेवाईक हे बघून घाबरतात, 'डोक्यात गेलं' म्हणतात. डोस कमी केल्यावर हे बहुतेकदा निवळतं, पण दिसताक्षणी नर्सला सांगा. (धोतऱ्याचं बी खाल्ल्यावर माणूस बरळतो तेही अशाच द्रव्यांमुळे.)

ॲट्रोपिनची एक मर्यादा आहे. हातापायांच्या, मानेच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर ॲसिटिलकोलीनसाठी वेगळं कुलूप असतं, निकोटिनिक रिसेप्टर. त्यावर ॲट्रोपिन चालत नाही. म्हणून जुलाब थांबले, रुग्ण बोलू लागला, तरी साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात मान उशीवरून उचलता न येणं, श्वास उथळ होणं असं सुरू होऊ शकतं आणि काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. 'आता बरा आहे, घरी नेतो' असा आग्रह याच दिवसांत होतो. डॉक्टर म्हणेपर्यंत थांबा. रोज सकाळ-संध्याकाळ रुग्णाला डोकं उचलायला सांगून बघा.

घरी आल्यावरही एन्झाइम लगेच भरून येत नाही, त्याला काही आठवडे लागतात. तोवर थोड्याशा फवाऱ्यानेही पुन्हा त्रास होऊ शकतो. कपाशीची पुढची फवारणी तोंडावर आली असेल तर ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पुन्हा पंप पाठीवर घेण्याआधी कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.